चार ते पावणेपाच

हरिओमने ॲडॉप्टरला हात घातला तेवढ्यात त्याच्या डोक्यावरून आवाज आला.

"मिस्त्री, आज तरी होईल का हो?"

तो स्टुलावर दचकला. मागे पाहिलं तर बैठकीत एक म्हातारी बाई खाटेवर बसून तूर निवडत होती आणि स्वयंपाकघराच्या दाराशी घरची सून उभी होती. पुरुषमाणूस कुठेच नव्हता. मग त्याचं लक्ष दारावरच्या कॅमेऱ्याकडे गेलं. अंड्याएवढा पांढरा कॅमेरा मान वळवून त्याच्याकडेच पाहत होता.

"होईल की, साहेब," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"चौथी चक्कर हाय तुमची." आवाज मऊ होता, रागाचा नव्हता. "चार वाजले की जातंय, पावणेपाचला येतंय. रोजचं. मी लातुरात बसून घर बघावं कसं?"

निलंग्यातल्या या घराचा मालक शिवशंकर लातूरला अडत दुकानात मुनीम होता. शनिवारी दुपारपर्यंत यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचा. घरी त्याची आई सिंधुबाई आणि बायको पूनम. या दोघींसाठी त्याने वायफाय घेतलं होतं, म्हणजे या कॅमेऱ्यासाठी.

हरिओमने पहिल्या खेपेला तारेचं टोक बदललं होतं, दुसऱ्या खेपेला ॲडॉप्टर, तिसऱ्या खेपेला वायफायचा सगळा डबाच. डबा बंद पडण्याचं कारण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दर वेळी एकच दिसायचं: वीज गेली. आता त्याने बोर्डाचं सॉकेट उघडलं. आतल्या तारा घट्ट होत्या. तरी त्याने सॉकेट नवं बसवलं.

"वहिनी," त्याने सहज विचारलं, "चारच्या टायमाला हे बटन कुणी बंद करतं का? मिक्सर-बिक्सर लावायला?"

पूनमने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. पदर थोडा पुढे ओढला.

"न्हाई."

सिंधुबाईंनी तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी चार वाजून चार मिनिटांनी ती लाइन पुन्हा गेली.

---

"उद्या बुशराला पाठवतो," मडिवाळप्पाअण्णा म्हणाले.

अण्णांचं ऑफिस म्हणजे बसस्टँडमागे दोन गाळे. केबल टीव्हीच्या काळापासून हरिओम त्यांच्याकडे होता, अकरा वर्षं. निलंग्यातल्या निम्म्या खांबांवर त्याच्या हातची वायर होती. बुशराला येऊन आठ महिने झाले होते. लातूरच्या आयटीआयमधून ती इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली होती. वडील तय्यबभाई सायकलचं दुकान चालवायचे. पहिल्या दिवशी शिडी खांबाला कशी टेकवायची हे तिला हरिओमनेच दाखवलं होतं. काचेची तार केसापेक्षा बारीक असते, ती सोलताना श्वास धरायचा, हेही त्यानेच सांगितलं होतं. ती मन लावून शिकली. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं.

मग फोन यायला लागले. "त्या बुशराताईला पाठवा." आधी एखाद-दुसरा, मग रोज चार-पाच. दुपारी घरात बायकाच असतात, त्यांना बाईमाणूस आलेलं बरं पडतं, असं अण्णा समजवायचे. हरिओमला ते समजत होतं. पण अकरा वर्षांत त्याला कुणी नावाने मागितलं नव्हतं. तो "वायफायवाला" होता, त्याच्याआधी "केबलवाला". त्याला पाणी मिळायचं ते दारात. बुशरा एखाद्या घरून परत आली की हातात डब्यातून दिलेल्या करंज्या असायच्या, आणि ती सांगायची, त्या घरच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा आहे. काम पंधरा मिनिटांचं, आणि ही तासभर बसून येते. हे त्याने अण्णांना दोनदा बोलून दाखवलं होतं. अण्णा हसले होते.

"माझ्या चार चकरा झाल्यात अण्णा तिथं," आता तो म्हणाला. "तिला काय नवीन सापडणार हाय?"

"बघू की. जाऊन तर येऊ दे."

बुशरा हेल्मेट घालत होती. "भैय्या, सॉकेट तुम्ही बदललंय ना? मग मी काय बघू?"

"तूच बघ," हरिओम म्हणाला. "तुला सगळं दिसतंय."

ती गेली आणि दोन तासांनी आली. रजिस्टरात तिने लिहिलं: *बोर्डामागची जुनी वायर ढिली, बदलली. गल्लीत दुपारी व्होल्टेज कमी, डबा आपोआप बंद होतो. गिऱ्हाइकाला समजावले.* त्या संध्याकाळी तिने शिवशंकरला फोनही केला. हरिओम शेजारच्या टेबलावर होता. ती इतकं ठामपणे बोलत होती की त्याला स्वतःलाच क्षणभर पटलं.

त्यानंतर शिवशंकरची तक्रार आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला.

"आयतु," अण्णांनी रजिस्टर मिटत म्हटलं. काम झालं की ते असंच कानडीत म्हणायचे. "चार चकरांत जे झालं न्हाई ते पोरीनं एका चकरेत केलं."

हे त्यांनी बिल भरायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. हरिओम पक्कड शोधायला खाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

अण्णा औराद शहाजानीला नवं ऑफिस काढत होते. तिथे बसायला माणूस लागणार होता, स्वतःच्या टेबलाचा, स्वतःच्या किल्लीचा. हरिओमने घरी बायकोला वर्षभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं की ते आपलंच. त्या दिवशी जेवताना बायकोने सहज विचारलं, "औरादचं काय झालं?"

"काय व्हायचंय? दुसरी माणसं हायत आता."

"कोण, ती बुशरा? पोरगी हुशारच असंल मग."

त्याने भाकरी अर्धी ठेवली आणि हात धुतला.

---

ती नोंद त्याला सापडली ती शोधल्यामुळेच. बुशराने बंद केलेल्या तक्रारी तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकेक करून उघडत होता. दुपारी ऑफिसात तो एकटाच होता. कुठे काही राहिलंय का, एवढंच बघायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. सोळा घरांत काही निघालं नाही. सतरावं घर शिवशंकरचं.

लाइन रोज जात होती. सोमवारी चार वाजून तीन मिनिटांनी गेली, चार शेहेचाळीसला आली. मंगळवारी चार वाजून पाच मिनिटांनी गेली, चार-चव्वेचाळीसला आली. शनिवार-रविवारी, शिवशंकर घरी असताना, एकदाही नाही. सोमवारपासून पुन्हा.

हरिओम खुर्चीत मागे टेकला. छातीत काहीतरी हलकं झालं, जत्रेत पाळणा वरून खाली येताना होतं तसं. म्हणजे तिने काही दुरुस्त केलंच नव्हतं. खोटं लिहिलं होतं. व्होल्टेज शनिवार-रविवारची सुट्टी घेत नाही.

त्याने दहा दिवसांच्या तारखा आणि मिनिटं एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. अण्णांना लगेच दाखवावं असं वाटलं, पण अण्णा तिचं ऐकून घेतील, ती काहीतरी समजावेल. त्यापेक्षा चार वाजता तिथे जाऊन काय होतं ते डोळ्यांनी बघावं आणि मग सांगावं. गुरुवारी त्याने अण्णांना दुसऱ्याच कामाचं नाव सांगितलं आणि पावणेचारला गाडी काढली.

---

फाटक लोटलेलं होतं. जाळीचं दार बंद, आतलं उघडं. तो पायरीवर पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आतून हसण्याचा आवाज आला. बेल वाजवायला उचललेला हात त्याने तसाच ठेवला.

बैठकीच्या फरशीवर खडूने पट आखलेला होता. एका बाजूला सिंधुबाई पाय पसरून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला पूनम पालथी पडली होती, कोपरांवर भार देऊन, केस मोकळे सोडून. साडी पोटऱ्यांपर्यंत वर गेली होती आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

"आत्या, तुमी चिंचोका फिरवला! म्या बघितलं!"

"फिरवला न्हाई, त्योच फिरला."

"पायानं ढकलला तुमी."

"म्हाताऱ्या मानसाचे पाय थरथरत्यात," सिंधुबाई म्हणाल्या, आणि दोघी पुन्हा हसल्या. दारावरचा कॅमेरा मान खाली टाकून गप्प होता. डब्याचे दिवे विझलेले होते. बोर्डावरचं बटण वर होतं, बंद.

हरिओम खाकरला.

पूनम उठली ती एकदम भिंतीला जाऊन चिकटली. पदर डोक्यावर, हात छातीशी. तिचा चेहरा असा पांढरा पडला की हरिओमने नकळत एक पायरी खाली घेतली.

"म्या हाय, वहिनी. वायफायवाला."

"कुणी पाठवलं तुमाला?" तिने विचारलं. "त्यांनी?"

"न्हाई. कुणी न्हाई."

सिंधुबाईंनी त्याला नीट पाहून घेतलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि जाळीचं दार उघडलं. "आत या. भाईर उभं ऱ्हायलं की चार लोकं बघत्यात."

तो आत आला, बूट काढायचेही विसरला. आता काय विचारायचं ते त्याला सुचेना. येताना गाडीवर सगळं पाठ होतं.

"बटन तुमी बंद करताव?" शेवटी त्याने विचारलं.

"हिची काय हिंमत हाय? म्या करते," सिंधुबाई म्हणाल्या. "त्या पोरीला बी सांगितलं म्या. सैपाकघरात बसवून. तिथं त्याचं यंत्र न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं? चार चकरा मारल्या मी."

"तुमी हितंच उभं ऱ्हाऊन इचारलं," पूनम म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "त्याच्याखाली."

हरिओमने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मग सैपाकघरातच बसत जावा की," तो म्हणाला. आवाजात अजून थोडी कुरकुर होती.

"दहा मिन्टं हितं दिसली न्हाई तर फोन येतो," सिंधुबाई म्हणाल्या. "कुटं गेलीस, कुणाशी बोलून ऱ्हायलीस. दूधवाला आला तरी, दारात एवढा वेळ का थांबला? वाईट न्हाई बोलत. मऊच बोलतो. त्याचा बाप बी मऊच बोलायचा." त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "त्याचा बाप बाजाराला निघाला की उंबऱ्यात राख चाळून जायचा. बारीक, पिठासारखी. माघारी आला की आधी कंदील धरून पावलं बघायचा. हे कुनाचं, हे कवाचं. म्या कदी बोलले न्हाई. तीस वरसं त्या राखंवरून उड्या मारल्या." त्यांनी पूनमकडे पाहिलं नाही. "ल्योक माझा हाय. पर हिनं का म्हनून माराव्यात?"

पूनम खाली बसून चिंचोके गोळा करू लागली.

हरिओमच्या हातातला तारखांचा कागद घामाने ओला झाला होता. सिंधुबाईंची नजर त्याच्यावर गेली.

"ते काय लिवलंय?"

"कुठं काय."

"आकडं दिसत्यात."

"दुसऱ्या कामाचे हायत," तो म्हणाला. कागदाची घडी घालताना त्यातली त्याची नीटनेटकी, रेघ मारून लिहिलेली मिनिटं त्याला दिसली. त्याने ती घडी आणखी दोनदा दुमडली आणि खिशात कोंबली.

पूनमने ओलं फडकं आणून पट पुसला. फरशीवर खडूचा पांढुरका डाग राहिला, तो तिने नखाने घासला. रोजची सवय असलेले हात होते. सिंधुबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याच सवयीने बोर्डाकडे हात गेला.

"थांबा, मला आधी—" हरिओम म्हणाला.

बटण खाली झालं होतं. डब्यावरचे दिवे एकामागून एक लागले. कॅमेऱ्याने मान उचलली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि ती हरिओमवर येऊन थांबली.

मिनिटभर गेलं असेल.

"कोण हाय ते?" आवाज आला. "मिस्त्री का?"

"हाव, साहेब."

"आज कसं काय? मी तर तक्रार दिली न्हाई."

पूनमच्या हातात फडकं होतं. त्यातून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला. हरिओमला ते स्पष्ट दिसलं, आणि आपण काय करून बसलो तेही. कॅमेरा बंद असताना या घरात परका पुरुष होता, आणि तो पुरुष तो स्वतः होता.

खरं सांगितलं तर त्याचं काम होत होतं. बुशराचं नाव निघालं असतं, रजिस्टरातली खोटी नोंद निघाली असती. एक वाक्य पुरलं असतं.

"साहेब, मी माझ्या मनानंच आलो," तो म्हणाला. "भाईरच्या खांबावरचा जोड माझ्या हातचा हाय. त्यो कच्चा राहिला असं मला वाटून राहिलं होतं. अण्णाला न सांगता बघायला आलो. आत्ताच आत पाय टाकला, लाइट आली का बघायला."

"जोड कच्चा? तुमच्या त्या मॅडम तर म्हणल्या, व्होल्टेज."

"त्यांचं बरोबर हाय. व्होल्टेजचंच हाय ते, दुपारचं, आमच्या हातात न्हाई. पर त्याच्यावर माझा जोड बी कच्चा. दोन्ही एकाच टायमाला. चूक माझी हाय, साहेब."

"आई कुठंय?"

"हितंच हाय की," सिंधुबाई म्हणाल्या. "म्याच म्हनलं त्याला, आत ये म्हनून. उन्हात उभा होता."

कॅमेऱ्याने मान वळवून सगळी बैठक एकदा पाहून घेतली. मग तोच मऊ स्वर: "तुमच्या अण्णांचा नंबर हाय माझ्याकडं."

"सांगा त्यांना," हरिओम म्हणाला. "सांगायलाच पायजे."

बाहेर पडताना त्याने मागे पाहिलं नाही. फाटकाची कडी लावताना त्याच्या लक्षात आलं, बुटांची माती बैठकीत सगळीकडे लागली असणार. ती आता पूनम पुसत असेल, कॅमेऱ्यासमोर.

---

"अकरा वर्षं काम करून राहिलास," अण्णा म्हणाले, "आन् गिऱ्हाइकाला सोताच्या तोंडानं सांगून येतोस, माझा जोड कच्चा हाय? मला न इचारता?"

हरिओम उभा होता. बुशरा कोपऱ्यात वायरचं भेंडोळं गुंडाळत होती. तिचे हात थांबले होते.

"असा बेभरवशी माणूस मी औरादला बसवू?" अण्णा म्हणाले. "औरादचं बुशरा बघंल. उद्या दोघं जावा आन् तो जोड नवा करून या."

हेच वाक्य तो महिनाभर मनात ऐकत आला होता. प्रत्यक्ष ऐकताना वेगळं काही वाटलं नाही, तेवढंच दुखलं. आपण कुणासाठी तरी काही केलं म्हणून कमी दुखेल, असं त्याला रस्त्याने येताना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बुशराने वर पाहिलं तेव्हा त्याने नजर चुकवली.

शुक्रवारी ती सकाळीच म्हणाली, "दुपारी जाऊ, भैय्या. चारला. ऊन उतरंल तोवर."

"हाव," तो म्हणाला.

खांब शिवशंकरच्या घराच्या कुंपणाला लागून होता. हरिओम शिडीवर चढला, जोडाची काळी डबी उघडली आणि तारेचं टोक खाली सोडलं. बुशराने जोडकामाचं मशीन कुंपणाच्या कट्ट्यावर मांडलं. उन्हाने पडदा दिसेना म्हणून ओढणीची झापड त्यावर धरली. कापायच्या आधी तिने मीटर लावून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"भैय्या, जोड तर चांगला हाय."

"असू दे."

"लई चांगला हाय. असा जोड मी अजून..."

"काप," तो वरून म्हणाला.

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने कात्री लावली. आत, घरात, डब्यावरचा लाइन गेल्याचा लाल दिवा लागला असेल. काही वेळाने कुंपणापलीकडून एक बाई दुसरीला काहीतरी ठसक्यात म्हणाली, आणि दोघी हसल्या. बुशरा तार सोलत होती. घाई करत नव्हती. एरवी दहा मिनिटांत होणारं काम, तिने टोक तीनदा पुसलं, दोनदा कापलं. हरिओमनेही घाई केली नाही. शिडीच्या दांडीवर पाय दुखायला लागले तरी तो वर उभा राहिला.

"काल तुम्ही तिथं कशाला गेला होता ते मला म्हाईत हाय," ती मान खाली ठेवूनच म्हणाली. "टेबलावर वही उघडी होती. फाडलेल्या पानाखाली आकडे उमटले होते."

खालच्या गल्लीतून एक टेम्पो गेला, त्याची धूळ खांबापर्यंत आली.

"औरादचं अण्णांना मी न्हाई म्हणू का?"

ते ऐकून त्याच्या मनात आधी जे उसळलं ते त्यालाच आवडलं नाही. तिने न्हाई म्हणावं असं त्याला फार वाटलं. तो डबीच्या झाकणाचा स्क्रू बोटात फिरवत राहिला.

"न्हाई म्हणू नको," तो म्हणाला. "मला इचारू बी नको."

मशीनमध्ये बारीक ठिणगी चमकली. दोन टोकं जुळली. घड्याळात पावणेपाच व्हायला आले होते. बुशराने ओढणीच्या सावलीत डोकं घालून, जोड किती पक्का झाला ते सांगणारा पडद्यावरचा आकडा वाचला. हरिओमला वरून नुसती तिची पाठ दिसत होती. विचारायचं नाही असं ठरवूनही त्याच्या तोंडून गेलंच.

"किती आलं?"

"तुमच्याएवढं न्हाई जमलं, भैय्या," ती म्हणाली.

आकडा बघायला तो घाईने दोन दोन पायऱ्या सोडत शिडी उतरला. तोवर तिने मशीनचं झाकण लावून टाकलं होतं.